बॉयलरला हात लावायचा नाही

टॉडमॉर्डन गावातल्या कामगार क्लबात नॉर्मन बॅराक्लफचा शब्द दोन विषयांत अखेरचा मानला जाई. एक बस आणि दुसरा घर तापवणारा गॅसचा बॉयलर. बसमधलं त्याला कळत होतं यात शंका नव्हती. उभा जन्म त्याने बस डेपोत काढला होता, आधी कंडक्टर म्हणून आणि नंतर तिकिटं तपासणारा साहेब म्हणून. बॉयलरबद्दलचं त्याचं ज्ञान मात्र एका वाक्यात मावणारं होतं: हात लावायचा नाही.

हे ज्ञान त्याला फुकट मिळालेलं नव्हतं. घरात नवा बॉयलर बसवला त्याच्या पुढच्याच वर्षी कंपनीचा माणूस सर्व्हिसिंगला आला होता. नॉर्मन स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभा राहिला आणि त्याने सगळा प्रकार डोळ्यांनी पाहिला. माणसाने पुढचं झाकण काढलं, आत डोकावून ब्रशने काहीतरी झटकलं, एक नळी लावून हातातल्या यंत्रावरचा आकडा वाचला आणि झाकण परत लावलं. मग बेरिलने दिलेला चहा प्याला, तिचा आल्याचा केक खाल्ला आणि बिल पुढे केलं.

बिल वाचून नॉर्मनच्या भुवया टकलाकडे सरकल्या. "धूळ झटकायचे एवढे पैसे? मग माझी बायको आतापर्यंत कोट्यधीश व्हायला हवी होती!"

"धूळ नाही साहेब, तपासणी," माणूस म्हणाला.

"बिघडलं होतं काही?"

"नाही, सगळं छान आहे."

"म्हणजे छान आहे हे सांगायचे पैसे," नॉर्मन म्हणाला. पैसे त्याने दिले, पण त्याच संध्याकाळी घरात फर्मान निघालं. या बॉयलरला यापुढे कोणीही पाना लावायचा नाही. बेरिल इस्त्री करत होती. ती म्हणाली, "बरं."

पुढे क्लबात या गोष्टीचं तत्त्वज्ञान झालं. "डेपोत आम्ही काय बघायचो?" बिटर बिअरचा ग्लास टेबलावर ठेवत नॉर्मन सांगे. "धडधाकट बस वर्कशॉपात तपासणीला गेली, की परत येताना खोकत यायची. कशामुळे? हात लागल्यामुळे! चालत्या यंत्राला आपलं आपलं चालू द्यावं. माझा बॉयलर बघा. इतकी वर्षं झाली, एकदा कोणी झाकण उघडलेलं नाही. आहे काही तक्रार? घड्याळासारखा चालतो."

हे सगळ्यांना पटे, कारण बॉयलर खरंच घड्याळासारखा चालत होता. क्लबचा सेक्रेटरी सिडनी ग्रीनवुड, जन्मभर टपाल वाटलेला माणूस, त्याने घरी जाऊन बायकोला हेच सांगितलं. मग डॉमिनोजच्या सोंगट्या खेळणाऱ्या टेबलावरच्या इतरांनीही सांगितलं. घरोघरी बायका "बरं" म्हणाल्या. थंडीचे दिवस आले की हे सगळे ग्लास उंचावून एकमेकांच्या न उघडलेल्या बॉयलरांना शुभेच्छा देत.

विल्फ क्रॅबट्री या मंडळीत उशिरा आला. बाजारातलं मटणाचं दुकान विकून तो घरी बसला आणि वर्षभरात त्याची बायको हिल्डा गेली. घरातलं सगळं हिल्डा बघायची. कोणतं बिल कुठे भरायचं, कचऱ्याचा कुठला डबा कुठल्या दिवशी बाहेर ठेवायचा, यातलं काही त्याला ठाऊक नव्हतं. गॅसवाल्यांचं सर्व्हिसिंगचं स्मरणपत्र आलं, तेव्हा ते खिशात घालून तो क्लबात आला आणि नॉर्मनपुढे धरलं.

"याचं काय करायचं रे?"

नॉर्मनने तो कागद चार तुकडे करून राखेच्या थाळीत टाकला. टेबल हसलं. विल्फही हसला. हिल्डा गेल्यापासून तो बहुधा पहिल्यांदाच हसत होता, आणि त्या दिवसापासून त्याने नॉर्मनला गुरू केलं.

*

ऑक्टोबरात क्लबची बस ब्लॅकपूलला जाते, समुद्रकाठची रोषणाई बघायला. सकाळी निघायचं, दिवसभर पावसात भिजायचं, तळलेला मासा खायचा, अंधार पडल्यावर दिवे बघायचे आणि गात गात परत यायचं. नॉर्मनने ही सहल कधी चुकवली नव्हती. त्या वर्षी मात्र त्याला सपाटून सर्दी झाली. त्यात बेरिल घरी नव्हती. तिची बहीण एव्हिस मोरकॅमला राहते, तिचा हात मोडला म्हणून बेरिल पंधरा दिवसांसाठी तिकडे गेली होती. जाण्याआधी तिने डबे भरून फ्रिजमध्ये ठेवले, कुठला डबा किती वेळ गरम करायचा ते तोंडपाठ करून घेतलं, आणि दोनदा बजावलं, "काही झालं तरी सहल चुकवू नकोस हं. तेवढाच तुला विरंगुळा." बायकोला आपली केवढी काळजी, असं वाटून नॉर्मनला भरून आलं होतं.

सहलीच्या सकाळी तो ड्रेसिंग गाऊन घालून, नाक शिंकरत टोस्टला लोणी लावत होता, तेव्हा दाराची घंटा वाजली. बाहेर निळ्या कामाच्या कपड्यांतली, चाळिशीची, दणकट बाई उभी होती. हातात हत्यारांची पेटी.

"बेरिल गेली नाही का? किल्ली कुंडीखाली ठेवते म्हणाली होती, पण आत दिवा दिसला," ती पाय पुसत म्हणाली आणि आत आलीसुद्धा.

"बेरिल बहिणीकडे गेलीय. आपण कोण?"

"डोना. बॉयलर."

"घर चुकलं तुमचं," नॉर्मन समाधानाने म्हणाला. "या घरात बॉयलरला हात लावत नाहीत."

डोना चालता चालता थांबली. तिने त्याला आपादमस्तक न्याहाळलं, गाऊन, लाल नाक आणि हातातली लोण्याची सुरी. "अगं बाई! तुम्ही नॉर्मन का? खरेच आहात म्हणजे! माझ्या भावाशी माझी पैज होती, की बेरिलला नवरा नाहीच, नुसती नावाला थाप मारते."

"हे बघा बाई..."

"नऊ वर्षं येतेय मी इथे. त्याआधी माझे वडील यायचे. दर वर्षी बेरिल सांगते, नवरा ब्लॅकपूलला गेलाय." बोलता बोलता तिने स्वयंपाकघरातलं बरोबर तेच कपाट उघडलं, खालची बादली न बघता बाजूला सरकवली आणि बॉयलरचं झाकण काढून टेबलाला टेकवून ठेवलं. मग आपला कपही स्वतःच घेतला. कुठल्या खुंटीवर असतो ते तिला ठाऊक होतं. नॉर्मनला आपला चष्मा कुठे असतो ते ठाऊक नसे.

तो खुर्चीवर बसला. टोस्ट थंड झाला.

"दर वर्षी?" त्याने विचारलं.

"दर वर्षी. मागल्या साली आतली गॅस्केटची पट्टी बदलली, चिरली होती. त्याच्या आधी पंखा. असं तोंड पाडून बसू नका हो राजे. घरात चोरी झाल्यासारखं."

नॉर्मनला अगदी तसंच वाटत होतं. मात्र काही घेऊन जाण्याऐवजी चोर इतकी वर्षं आणून ठेवत आला होता. आपला न उघडलेला बॉयलर, क्लबातलं आपलं स्थान, वर्कशॉपातून खोकत येणाऱ्या बसेस, सगळं त्या पंख्याभोवती गरगरलं. त्याला एवढंच सुचलं, "आणि समजा केलं नसतं, तर काय झालं असतं?"

डोनाने खांदे उडवले. "खरं सांगू? बहुतेकदा काहीच होत नाही. नुसता गॅस जास्त जळतो, नाहीतर एखाद्या जानेवारीत बंद पडतो. म्हणून तर लोकांना पैसे द्यायला जिवावर येतं. झालेलं दिसतं हो, न झालेलं कोणाला दाखवणार?"

"नव्वद पौंड घेत असाल."

"साठ. ब्लॅकपूल भाव."

"हा कुठला भाव?"

"तुमच्याच बेरिलने पाडून घेतलेला. माझ्या वडिलांना बसवलं याच टेबलाशी आणि म्हणाली, एका दिवसात क्लबची सगळी घरं देते, बोला किती कमी करता. वडील म्हणायचे, ही बाई व्यापारात असती तर आम्ही भिकेला लागलो असतो. आज या गल्ल्या मी करतेय, वरच्या भाऊ करतोय. आता इथून सिडनी ग्रीनवुडकडे. त्याची बायको वाट बघत असेल."

नॉर्मनच्या हातातली सुरी टेबलावर पडली. "सिडनी? सिडनीचा बॉयलर तुम्ही..."

"सिडनीचा, त्या बुटक्या लेस्लीचा, कोपऱ्यावरच्या त्या कबुतरवाल्याचा. सगळ्यांचा. नवरे दिवे बघायला जातात, आम्ही इकडे ज्योत बघतो."

आता नॉर्मनला एकेक गोष्ट आठवू लागली. सहल रद्द करायची कधी गोष्ट निघाली, तर बायकाच कशा आडव्या येत. एकदा पूर आला होता तरी त्यांनी सँडविच बांधून नवऱ्यांना बसमध्ये कोंबलं होतं. त्याच्या शब्दावर चालणारा सबंध क्लब, आणि त्यातल्या एकाही घरात त्याचा शब्द चालत नव्हता. सुरुवात झाली होती ती त्याच्याच स्वयंपाकघरातून.

डोना यंत्र लावून आकडे बघत होती. "हा तुमचा तर स्वच्छ निळा जळतोय. नाहीतर काही घरं बघावी... माणसं महिनोन् महिने डोकं धरून बसतात, मळमळतंय म्हणतात, वय झालं म्हणतात. बाहेर पडली की बरी. त्यांना वाटतं हवापालट झाला. अहो, घरातच विषारी वायू साचलेला असतो. ना वास, ना रंग."

नॉर्मन नाक पुसत होता, तो तसाच राहिला.

"विल्फ," तो म्हणाला.

"कोण?"

"विल्फ क्रॅबट्री. तुमच्या यादीत आहे ना... म्हणजे त्याच्याकडे जाता ना तुम्ही? वरच्या गल्लीत, खाटीक?"

"क्रॅबट्री? हिल्डाचा नवरा? हिल्डा होती तोवर जायचो. ती गेल्यापासून कोणी बोलावलं नाही."

सरळ होतं. बोलावणार कोण? बाकी सगळ्यांना बायका होत्या. नॉर्मनच्या शिकवणुकीवर जो खरोखर, अक्षरशः चालला, असा अनुयायी त्याला आयुष्यात एकच मिळाला होता, आणि गेला महिनाभर तो डोकं जड आहे, डोकं जड आहे, असं म्हणत होता. क्लबात आला की तासाभरात खुलायचा. "घरात बायको नाही म्हणून रे," असं म्हणून सगळ्यांनी त्याची थट्टा केली होती. थट्टेत नॉर्मन पुढे होता. आणि कालच विल्फने फोन करून सांगितलं होतं की डोकं उठलंय, ब्लॅकपूलला येत नाही, घरीच पडून राहतो.

हे ऐकल्यावर डोनाचा सूर पालटला. "बॉयलर कसला आहे त्याचा?"

"जुना. खोली तापवायच्या गॅसच्या शेगडीमागे, भिंतीतला."

"पळा. खिडक्या उघडा, शेगडी बंद करा, त्याला बाहेर काढा, आणि तुम्हीही आत थांबू नका. मी हे झाकून मागोमाग येते, वाटेत ॲम्ब्युलन्सला फोन करते. पळा म्हणते ना!"

*

गाऊनवर ओव्हरकोट चढवून नॉर्मन बॅराक्लफ चढावरून पळत सुटला. हे दृश्य टॉडमॉर्डनने यापूर्वी पाहिलेलं नव्हतं. विल्फच्या मागच्या दाराला कडी नसे. आत ऊबदार होतं, काचांवर पाणी साचून ओघळत होतं. शेगडीच्या वरच्या भिंतीवर काळपट डाग उमटला होता आणि विल्फ तिच्यासमोरच्या खुर्चीत, पोटावर हात ठेवून, लाल गालांनी डुलक्या घेत होता.

नॉर्मनने शेगडीची कळ फिरवली आणि खिडकी वर ढकलली.

"कोण ते? नॉर्मन? अरे लेका, गरम हवा चाललीय सगळी बाहेर!"

"उठ विल्फ. बाहेर चल."

"कशाला? थंडी मरणाची आहे."

"तुझ्या बॉयलरचा धूर घरात येतोय."

विल्फने खोलीभर नजर फिरवली. "मला तर दिसत नाही."

"तो दिसत नसतो!"

"मग तुला कसा दिसला?" विल्फने पुन्हा डोळे मिटले.

"अरे गाढवा, तुझ्या बॉयलरची सर्व्हिसिंग व्हायला हवी होती. बाई येतेय बघायला, उठ!"

यावर विल्फने एक डोळा उघडला आणि मंद हसला. "परीक्षा घेतोस होय माझी? नॉर्मन, तुला शब्द दिलाय मी. हिल्डा गेल्यापासून एका माणसाला त्या बॉयलरजवळ फिरकू दिलं नाही. तो वायूचा बावळट अलार्म होता ना हिल्डाने लावलेला, तो मध्ये ओरडायला लागला, तर त्याचे सेल काढून टीव्हीच्या रिमोटमध्ये घातले. तू सांगितलंस, हात लावायचा नाही. नाही लावला."

नॉर्मनने त्याचे खांदे धरून हलवले. "विल्फ, ऐक. मी मूर्ख आहे. माझ्या घरी दर वर्षी सर्व्हिसिंग होते. बेरिल करून घेते."

"बेरिल?" विल्फचं पोट हसण्याने हललं. "ती बिचारी तुला विचारल्याशिवाय पडदे बदलत नाही."

आज सकाळपर्यंत नॉर्मनचीही हीच समजूत होती. त्याने विल्फच्या काखेत हात घालून ओढून पाहिलं. विल्फ जन्मभर अर्धा बैल खांद्यावर टाकून नेणारा माणूस. तो तसूभरही हलला नाही. नॉर्मनचं स्वतःचं डोकं ठणकू लागलं. समजावून झालं, खरं सांगून झालं, ताकद लावून झाली. मग त्याने विल्फच्या तोंडासमोर तोंड नेलं.

"तू लबाड आहेस विल्फ. गेल्या गुरुवारी डॉमिनोजमध्ये सहा-सहाची सोंगटी बाहीत लपवलीस. मी पाहिलं."

दोन्ही डोळे उघडले. "काय म्हणालास?"

"बाहीत. आणि दुकानात तराजूवर अंगठा ठेवायचास, अख्ख्या गावाला माहीत होतं. हिल्डालासुद्धा."

विल्फ खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठला. एकदा धडपडला, टेबलाला धरलं, आणि मुठी वळून नॉर्मनच्या मागे निघाला. नॉर्मन पाठ न फिरवता, उलटा चालत, शिव्या देत, त्याला स्वयंपाकघरातून, दारातून, पायरीवरून मागच्या अंगणात घेऊन आला. तिथे विल्फने ठोसा उगारला. तो नॉर्मनपर्यंत पोहोचण्याआधीच त्याचे गुडघे वाकले आणि कचऱ्याच्या डब्याला मिठी मारून तो ओकू लागला. नॉर्मनने त्याची पाठ धरली. गार, ओलसर हवा होती. दोघेही ती घटाघटा प्यायले.

डोना आली, ती हातातलं यंत्र घेऊन मागच्या दारात गेली. उंबरठ्यावरच यंत्र किंचाळलं, तशी ती परत फिरली आणि बाहेरच्या मीटरपाशी जाऊन गॅस तोडला. नंतर तपासलं तेव्हा कळलं, की कावळ्यांनी धुराड्यात घरटं केलं होतं, चांगलं भरभक्कम, फांद्या आणि लोकर घालून. दर वर्षी कोणी बघितलं असतं तर एका दुपारचं काम होतं.

"खुर्चीत आणखी थोडा वेळ बसला असता..." डोना म्हणाली आणि विल्फकडे बघून तिने वाक्य तिथेच सोडलं.

हॅलिफॅक्सच्या हॉस्पिटलात विल्फच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा चढवला. नॉर्मनला तपासून सोडून दिलं, पण तो गेला नाही. गाऊन आणि ओव्हरकोटात बाकावर बसून राहिला. सर्दीने म्हणा की आणखी कशाने, त्याचे डोळे सारखे भरून येत होते. एकट्या पडलेल्या माणसाने भाबडेपणाने एक प्रश्न विचारला होता, आणि आपण टेबलाला हसवायला त्याचा कागद फाडला. हसू किती वेळ टिकलं असेल?

दुपारी विल्फने त्याला जवळ बोलावलं आणि मुखवटा बाजूला केला. "तराजूवर मी कधीही अंगठा ठेवलेला नाही."

"माहीत आहे मला."

"आणि सहा-सहा?"

"तेही माहीत आहे रे. घाल ते तोंडावर."

*

गुरुवारी नॉर्मन क्लबात गेला तो ठरवून. विल्फचं वर्तमान सगळीकडे पोहोचलं होतं. नॉर्मनला ग्लास मिळाला, पाठीवर थापा मिळाल्या. मग तो उभा राहिला आणि म्हणाला, "मंडळी, इतकी वर्षं मी चूक सांगत आलो. बॉयलरची सर्व्हिसिंग दर वर्षी करून घ्या. पैसे गेले तरी चालतील."

 लेस्लीने खाली बघत सोंगट्या जुळवल्या. सिडनीने घसा साफ केला.

"नॉर्मन, तू घाबरलायस. साहजिक आहे. पण विल्फच्या बाबतीत दोष कावळ्यांचा. बॉयलरचा काय संबंध? माझा बघ. तू सांगितल्यापासून एकदा झाकण उघडलेलं नाही. ठणठणीत!"

"माझाही," लेस्ली म्हणाला.

"माझा तर आता पहिल्यापेक्षा छान चालतो," कबुतरवाला म्हणाला. "हात न लावल्यामुळेच."

"आणि तुझा स्वतःचा?" सिडनीने त्याच्याकडे बोट रोखलं. "सांग सगळ्यांना. इतक्या वर्षांत बंद पडलाय कधी? आता एका घरट्यापायी सगळं खोटं म्हणायचं?"

नॉर्मनने तोंड उघडलं. सत्य जिभेवर आलं होतं, आणि त्याला पुराव्याची कमी नव्हती. मग त्याने समोरचे चेहरे पाहिले. हट्टी, लालबुंद, आपापल्या बॉयलरवर गर्व असलेले. आज सांगितलं, तर आज रात्रीच घरोघरी भांडणं होतील. सिडनीला तर तो ओळखून होता. बायकोने फसवलं म्हणून तो पुढच्या वर्षी मुद्दाम सहलीला जाणार नाही आणि दारात उभा राहून डोनाला हाकलून देईल. ही सगळी माणसं धडधाकट होती, ती केवळ त्यांना काही ठाऊक नव्हतं म्हणून.

"नाही," नॉर्मन म्हणाला. "बंद नाही पडला."

"हात लावलाय कोणी?"

नॉर्मनने ग्लासाच्या कडेवरचा फेस बोटाने पुसला.

"नाही."

टेबलाने समाधानाचा हुंकार भरला. सिडनीने उदार मनाने त्याच्यासाठी आणखी एक बिटर मागवली आणि मग नव्या आलेल्या दोघांना वर्कशॉपातून खोकत येणाऱ्या बसेसची गोष्ट सांगायला घेतली. नॉर्मनपेक्षा रंगवून सांगत होता. आयुष्यात त्याने बस फक्त प्रवासी म्हणून पाहिली होती.

*

बेरिल परतली तेव्हा नॉर्मन स्टेशनवर गेला होता. त्याने तिची बॅग घेतली. नदीकाठच्या रस्त्याने दोघं चालू लागली. पुलापाशी बेरिल म्हणाली, "डोनाचा फोन आला होता."

"वाटलंच."

"रागावलास?"

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू नाही म्हणाला असतास. मग मला भांडावं लागलं असतं. दर वर्षी, ऑक्टोबर आला की." ती थोडी थांबली. "साठ पौंडांत ते मला स्वस्त पडलं. लोकांच्या पँटच्या कडा दुमडून शिवून मिळवलेले माझेच पैसे होते. वर रात्री झोप लागायची, ती वेगळी."

नॉर्मनने बॅग दुसऱ्या हातात घेतली. पण एक गोष्ट त्याला दिवसरात्र टोचत होती. "सगळ्यांचं केलंस बेरिल. क्लबातल्या प्रत्येकाचं. विल्फचं कसं सुचलं नाही गं तुला?"

बेरिलने पुलाच्या कठड्यावर हात ठेवला. खाली पाणी गढूळ आणि जोरात होतं.

"सुचलं होतं. दोनदा गेले मी त्याच्याकडे. म्हटलं, विल्फ, हिल्डाच्या वेळची ती बाई मी पाठवते, पैशाचं बघू नंतर. दोन्ही वेळा मला दारातूनच परत पाठवलं त्याने. म्हणाला, नको बेरिल, नॉर्मनला कळलं तर त्याला काय वाटेल."

नॉर्मनने बॅग खाली ठेवली. मग तोही कठड्याला टेकला. बेरिल घाई न करता त्याच्या शेजारी उभी राहिली. शेवटी थंडी बोचू लागली, तशी त्याने बॅग उचलली आणि ती दोघं घराच्या दिशेने चालू लागली.

विल्फकडे नवा बॉयलर बसला, स्वयंपाकघरात, बाहेरच्या भिंतीला. त्या रविवारी बेरिलने त्याला जेवायला बोलावलं. भाजलेलं मटण बघून त्याने आधी तज्ज्ञाच्या नजरेने तुकडा पारखला, मग मान डोलावली. रंग परतला होता त्याचा. अर्धं जेवण झाल्यावर तो काटा खाली ठेवून म्हणाला, "ती डोना विचारत होती, पुढच्या वर्षीपासून येऊ का म्हणून. डॉक्टरही म्हणतो करून घ्या. सिडनी म्हणतो, नवीन यंत्राला हात लागला की संपलंच. मी म्हटलं, विचारून सांगतो." आणि तो नॉर्मनकडे बघू लागला, पूर्वीसारखाच, विश्वासाने.

"करून घे," नॉर्मन म्हणाला. "दर वर्षी करून घे. आमच्याकडेही होते. बेरिल करते. त्या दिवशी सांगत होतो ते खरं होतं, हवं तर तिलाच विचार."

विल्फ हसू दाबत बेरिलकडे वळला. "खरं का गं? तू नॉर्मनच्या पाठीमागे बॉयलर उघडून घेतेस?"

बेरिलने त्याच्या बशीत आणखी दोन बटाटे वाढले. "मी? मला काय कळतं रे त्यातलं," ती म्हणाली. "पण तुझं म्हणशील तर डोनाला मी सांगून ठेवते. भावही कमी करून घेईन. तू फक्त क्लबात बोलू नकोस."

"छे छे! सिडनीला कळलं तर माझी धडगत नाही," विल्फ म्हणाला आणि विजयी मुद्रेने नॉर्मनकडे वळला. "बघ! म्हटलं नव्हतं? ती कसली करते!"

नॉर्मनने बायकोकडे पाहिलं. ती सॉसचं भांडं पुढे सरकवत होती आणि तिच्या चेहऱ्यावरची रेष हलत नव्हती. त्याने भांडं घेतलं, आपल्या मटणावर सॉस ओतला आणि मुकाट्याने जेवायला लागला.